तळ्याची वाट रुंद झाली तेव्हा

आमचे अण्णा शाळेतून निवृत्त झाले, त्याच्या दुसऱ्या दिवशीही रोजच्यासारखेच उठले. दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, पायात चपला सरकवल्या आणि दारात येऊन थांबले. जायचं कुठं हेच ठरलेलं नव्हतं. आई आत भाकरी थापत होती. थापता थापताच ओरडली, "दारात उभारून काय करताय? घर राखायला कुत्रं हाय की आपलं. तळ्याकडं तरी जाऊन या जावा."

बायकोचं ऐकणारा नवरा असं अण्णांना कुणी म्हटलं नसतं. पण त्या दिवशी ते मुकाट्यानं निघाले आणि मग तो नेमच झाला. ऐंशी साल नुकतंच उलटलं होतं. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नव्यानं लागले होते आणि सकाळची पाळी असली की माझी सायकलही त्याच तळ्याकाठनं जायची. बेळगावच्या उत्तर अंगाला आमचं भाड्याचं घर होतं आणि तळं तिथून हाकेच्या अंतरावर.

त्या वेळी तळ्याभोवती वाट अशी कुणी केलेली नव्हती. चालणाऱ्यांनी आणि सायकलवाल्यांनी मिळून ती पाडली होती. एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला घाणेरीची झुडपं आणि बाभळी, मधून एक माणूस जाईल नाहीतर एक म्हैस. सकाळी कंग्राळीकडनं दुधाचे कॅन लावलेल्या सायकली गावात यायच्या. समोरून पेन्शनर मंडळी, धुण्याची बोचकी डोक्यावर घेतलेल्या बायका, बाजाराला निघालेल्या भाजीवाल्या. सगळ्यांना त्या एवढ्याशा वाटेवरून जायचं असायचं आणि कसं कोण जाणे, सगळे जायचेही.

जायचे त्याला कारण म्हणजे एक रीत होती. समोरून वडीलधारं माणूस आलं की सायकलवाल्यानं खाली उतरायचं. दोन्हीकडं भरलेले कॅन लटकत असताना उतरणं सोपं नसतं. आधी पाय टेकायचा, मग सायकल पाण्याकडं थोडी कलती धरायची, आणि समोरचा माणूस पुढं जाईपर्यंत तिला पोटानं तोलून धरायचं. तेवढ्यात दोन शब्द व्हायचे. "काय गुरुजी, फिराय निघालाय जणू?" "व्हय रं. म्हातारी बरी हाय का?" "हाय की. तुमची आठवण काढती." की झालं, पुन्हा टांग टाकून दूधवाला चालता.

अण्णांनी कंग्राळीच्या शाळेत बरीच वर्षं काढली होती. निम्म्या दूधवाल्यांना त्यांनीच बाराखडी शिकवली होती, आणि काहींच्या पाठीत धपाटेही घातले होते. त्यामुळं अण्णा दिसले की सायकलींची रांगच्या रांग खाली उतरायची. अण्णा त्या रांगेपुढून जे चालत जायचे, ते बघण्यासारखं असायचं. एरवी ते जरा वाकून चालत. तिथं पाठ ताठ व्हायची. घरी येऊन चहा पिताना आज कोण कोण उतरलं हे आईला सांगायचे, आणि आई म्हणायची, "उतरतील न्हाय तर काय, तळ्यात जातील?" पण ऐकून घ्यायची सगळं.

मला त्याचं हसू यायचं. एवढा शिकलेला, सगळ्या गल्लीची भांडणं सोडवणारा माणूस, आणि कुणी सायकलवरून उतरलं याचं ह्याला एवढं कौतुक! मी आईजवळ म्हटलंसुद्धा, "अण्णांना पेन्शन नको, दूधवाले पुरेत." आई हसली नाही. ती अशा बाबतीत हसायची नाही हे मला उशिरा ध्यानात आलं.

मग एका सकाळी, एका दूधवाल्याला वळणावर ब्रेक लागला नाही आणि समोरून बोचकं घेऊन येणाऱ्या बाईला त्याच्या कॅनची धडक बसली. बाई, बोचकं आणि निम्मं दूध, सगळं तळ्यात. बाईला लगेच ओढून काढलं, पण तिचा गुडघा कायमचा गेला. अण्णा मागंच होते. तिला टांग्यात घालून दवाखान्यात त्यांनीच नेलं. घरी आले ते भिजलेले, चिखलानं माखलेले. म्हणाले, "ही वाट न्हवं, सापळा हाय."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी वाट रुंद करून घ्यायची असं डोक्यात घेतलं. एकदा डोक्यात घेतलं की सोडायचं नाही, हा आमच्या घरातला जुना आजार. नगरपालिकेच्या ऑफिसात चकरा सुरू झाल्या. तिथले कानडी साहेब चांगले होते. "बर्री गुरुजी, कुंद्री," म्हणून खुर्ची पुढं करायचे, चहा मागवायचे, आणि निघताना "नाळे बर्री" म्हणायचे. उद्या या. अण्णा अगदी खरोखर उद्या जायचे. अशा किती उद्या गेल्या त्याचा हिशेब नाही. शेवटी साहेबच कंटाळले असावेत, एक दिवस स्वतः येऊन त्यांनी तळ्याला फेरी मारली. त्यांच्या बुटाला चिखल लागला आणि काम मार्गी लागलं, असं आई सांगायची.

काम चाललं तेव्हा अण्णा तिथंच असायचे. घाणेरी तोडली, बाभळी मात्र अण्णांनी हट्टानं राखल्या. पाण्याकडनं दगडी कठडा उठला. ट्रकांनी मुरूम येऊन पडला, त्यावर रोलर फिरला. आणि मग साहेबांच्या डोक्यातून एक नवीच कल्पना निघाली. वाटेच्या मधोमध चुना फासलेल्या दगडांची एक रांग बसवली. पाण्याकडची बाजू चालणाऱ्यांची, बाभळींकडची सायकलींची. वाचता न येणाऱ्यांसाठी दगडांवर चित्रं काढली, एकावर माणूस, एकावर सायकल. चित्रातला माणूस जरा लंगडा आला होता, पण कळत होतं.

वाट सुरू झाली त्या दिवशी नारळ फोडायचा मान अण्णांना दिला. गुडघा गेलेली ती बाई काठी टेकत आली होती, तिनं अण्णांच्या हातात पेढा ठेवला. अण्णांचे डोळे भरून आले. माझेही आले, खोटं कशाला सांगू. आपल्या माणसानं एक चांगली गोष्ट धरली आणि तडीला नेली, याचा अभिमान कुणाला वाटत नाही?

पुढचे काही दिवस अण्णा खुशीत होते. मग हळूहळू गप्प झाले. फिरून लवकर यायला लागले. चहा पिताना कोण भेटलं हे सांगणं बंद झालं. आई विचारायची, "कोन भेटलं?" "भेटत्यात की सगळे," एवढंच.

एकदा पाळीवर जाताना मला ते तळ्यावर दिसले, आणि काय झालंय ते डोळ्यांनीच बघायला मिळालं. अण्णा पाण्याकडनं चालले होते. दगडांपलीकडून दूधवाल्यांच्या सायकली येत होत्या. सपाट मुरूम, मोकळी वाट, त्यांना थांबायचं कारणच उरलं नव्हतं. घंटी वाजायची, "नमस्कार गुरुजी!" असा आवाज यायचा, आणि अण्णा हात वर करेपर्यंत सायकल पार पुढं गेलेली असायची. एकापाठोपाठ एक. अण्णांचा हात अर्धा वर जायचा आणि तसाच खाली यायचा. मला त्यांची इतकी दया आली, की मी सायकल वळवून दुसऱ्या रस्त्यानं गेले.

त्यानंतर महिनाभरात तक्रार आली. आमच्या घरी दूध घालणारा दूधवाला, तोही अण्णांचाच विद्यार्थी, दारात मान खाजवत उभा राहिला. म्हणाला, "ताई, गुरुजींस्नी जरा सांगा. चालायची बाजू सोडून सायकलीच्या बाजूनं चालत्यात. मधनंच. घंटी वाजवली तरी सरकत न्हाईत. वय झालंय, आमचा धक्काबिक्का लागला तर?" म्हातारपणानं डोकं चाललं नसेल, असं त्याला सुचवायचं होतं. तसं म्हणायचं धाडस झालं नाही एवढंच.

संध्याकाळी मी अण्णांना फैलावर घेतलं. माझा आवाज चढतो, अण्णांसारखाच. "वाट तुम्हीच करून घेतली, दगड तुमच्यासमोर बसवले, आणि आता तुम्हीच मधून चालता? लोक म्हणतात गुरुजींना चळ लागला."

अण्णांनी मला समोर बसवलं. मग त्यांनी मला जे सांगितलं, ते आमच्या घरात पूर्वी कधीच कुणी सांगितलेलं नव्हतं.

आमचं गाव निपाणीकडचं. आमची वस्ती वेशीबाहेर. आजोबा तंबाखूच्या मळ्यात मजूर. पुढं आमचं घर बौद्ध झालं, पण ही गोष्ट त्याच्या आधीची. अण्णा घरातले पहिले शिकलेले. मास्तरकी लागल्यावर त्यांनी एक जुनी सायकल घेतली. वस्तीतली ती पहिली सायकल. गावातून शाळेला जायचं तर चावडीवरून जावं लागे, आणि चावडीपुढून आमच्या माणसानं सायकलवर बसून जायचं नाही, अशी गावाची रीत. आधी उतरायचं, हातात धरून चालत न्यायची, चावडी मागं पडली की मग टांग टाकायची.

"कायदा झालाता की तवा," मी म्हणाले.

"झालाता. चावडी आली की कायदाबी उतरून चालत होता," अण्णा म्हणाले.

एकदा ते उतरले नाहीत. मुद्दाम म्हणा, विसरून म्हणा, त्यांनी ते सांगितलं नाही. चावडीवर बसलेल्यांनी अंगाला हात लावला नाही, शिवी दिली नाही. एकानं बसल्या जागेवरून नुसतं विचारलं, "काय रं मास्तर, पाय मोडलं का तुझं?" आणि अण्णा उतरले. पुढं बदली होईपर्यंत रोज उतरले.

"कंग्राळीची ही पोरं," अण्णा म्हणाले, "तसल्याच घरची. ज्यांच्यापुढं माझा बाप वाकला, तसल्या घरची. ती दुधाचं कॅन सांबाळत माझ्यासाठी खाली उतरायची. कुणी सांगितलेलं न्हवतं त्यांस्नी. मला वाटायचं, जलमाचं काम झालं." मग म्हणाले, "आता रस्ता चांगला झाला. मीच केला. बोलू कुणाला?"

मी त्यांच्यासाठी चहा टाकायला म्हणून उठले. आई चुलीपुढं बसली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. तिचं तोंड भिंतीकडं होतं आणि दूध उतू गेलं तरी तिनं भांडं उतरवलं नाही.

त्यानंतर आठवडाभरात चमत्कार झाला. दूधवाले पुन्हा उतरायला लागले. एवढी मोकळी वाट, तरी अण्णा दिसले की घंटी नाही, काही नाही, सरळ पाय टेकून उभे. अण्णा आपल्या पाण्याकडच्या बाजूला परत गेले. चहाबरोबरच्या गप्पा सुरू झाल्या. जेवण वाढलं. मी मनात म्हटलं, जाऊ दे, देव असो नसो, माणसं चांगली आहेत.

माझ्या सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्याबरोबर फिरायला गेले. बाभळी पिवळ्या फुलल्या होत्या. अण्णा ताठ चालत होते आणि मला प्रत्येकाची कुळकथा सांगत होते. हा गणितात ढ, त्याचा बाप भजनात पुढं, असं. एवढ्यात एक नवाच दूधवाला आला. उचगावचा, म्हणजे कंग्राळीच्या शाळेशी संबंध नसलेला. तोही घाईघाईनं उतरला. इतक्या घाईनं की कॅन डचमळला.

अण्णा थांबले. "तू कुनाचा रं? मी शिकवलंय का तुला?"

"न्हाय जी."

"मग उतरलास का?"

"आर्डर हाय न्हवं," तो भाबडेपणानं म्हणाला. "गुरुजी दिसलं की उतरायचं, न्हायतर तुमच्या गल्लीत दूध घालायचं न्हाय. सगळ्यांस्नीच सांगितलंय."

"कुनी सांगितलंय?"

"काकूंनी. तुमच्याच की."

अण्णांनी त्याला हातानंच जा म्हटलं. तो गेला तरी ते तिथंच कठड्याला हात टेकून उभे राहिले. त्यांचं तोंड असं झालं होतं, की मी पडतायत का काय म्हणून त्यांचा दंड धरला. त्यांनी माझा हात हळूच काढला आणि घराकडं वळले. वाटेत आणखी दोघे उतरले. अण्णांनी त्यांच्याकडं पाहिलं नाही.

घरी आई तांदूळ निवडत होती. अण्णा उंबऱ्यातूनच म्हणाले, "तू लोकांस्नी उतराय सांगितलंस?"

आईनं सूप खाली ठेवलं. "व्हय. सांगितलं."

"धमकी देऊन?"

"मग काय पाया पडून सांगू? दूध घ्यायचं आमी, मान द्यायचा न्हाय व्हय?"

"अगं, सांगून उतरवायचं म्हंजे काय असतंय, ठावं हाय का तुला?" अण्णा ओरडले. आयुष्यात त्यांनी आईवर असा आवाज चढवलेला मी ऐकला नव्हता. "तेच केलंस की! चावडीवाल्यांनी केलं तेच! त्या पोरांस्नी माज्यापुढं उतरवलंस! तू न्हवतीस तिथं, तुला काय कळायचं त्ये?"

आई उठली. ती ठेंगणी बाई, अण्णांच्या खांद्याशीही पोचायची नाही. पण त्या वेळी घरभर तीच होती.

"मी न्हवते?" ती म्हणाली. "मी न्हवते व्हय? सगळं सांगिटलं लेकीला. मागं क्यारिअरवर कोन हुतं, त्ये सांगिटलंसा?"

अण्णांचा चेहरा पडला.

"लगीन हून चार दिस झालंतं," आई आता माझ्याकडं बघून बोलत होती. "हिरवं लुगडं हुतं अंगावर. यष्टीवरनं सायकलवर बसवून आनलं मला. म्हनाले, बस, राणीगत न्हेतो. आन् चावडीपाशी ते कोन बोललं. हे उतरले. मग मागं वळून मला म्हनाले, उतर. मी उतरले. समदी चावडी बघत हुती. हे फुडं, सायकल मधी, मी माघारी. घर येस्तवर माज्याकडं वळून बघिटलं न्हाय ह्यांनी." तिचा आवाज फाटला. "तुमास्नी उतरवलं त्यांनी. मला तुमी उतरवलं. तवापास्नं मी कंच्या सायकलीवर बसले का? सांगा की."

खरंच बसली नव्हती. माझ्या आठवणीत आई एकदाही सायकलवर नव्हती. अण्णा सायकल हातात धरून तिच्याबरोबर चालत यायचे, नाहीतर ती बसनं जायची. तिला सायकलची भीती वाटते असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. तिनंही कधी नाही म्हटलं नव्हतं.

अण्णा मटकन खाली बसले. तीस वर्षं ते ती गोष्ट एकट्याची म्हणून उरात घेऊन फिरत होते, आणि दुसरं माणूस त्याच घरात, रोज त्यांना भाकरी वाढत होतं. मला दोघांचंही वाईट वाटत होतं आणि कुणाजवळ जाऊन बसावं ते कळत नव्हतं. शेवटी मी तांदूळच निवडायला घेतले.

त्याच संध्याकाळी अण्णा कंग्राळीला जाऊन आले. तिथं काय बोलले ते त्यांनी सांगितलं नाही, पण दुसऱ्या दिवशीपासून कुणी उतरलं नाही, हे मी पाळीवर जाताना पाहिलं.

रविवारी सकाळी अण्णांनी माझी सायकल अंगणात घेतली. फडक्यानं पुसली, हवा दाबून बघितली, क्यारिअरवर एक जुनी चादर घडी करून बांधली. मग आईला हाक मारली. आईनं बाहेर येऊन सायकल बघितली, चादर बघितली, आणि तिला सगळं कळलं.

"येडं लागलं काय तुमास्नी?" ती म्हणाली. "ह्या वयात? लोकं हसतील."

"हसू देत," अण्णा म्हणाले. "बस."

"पडले म्हंजे?"

"मीबी पडन. बस गं."

ती आत गेली. मला वाटलं संपलं. पण बाहेर आली तेव्हा तिनं धुतलेलं लुगडं नेसलं होतं आणि पदर कमरेला घट्ट खोचला होता. गल्लीच्या तोंडापर्यंत चालतच गेली, गल्लीतल्या बायकांना ती पुरती ओळखून होती. तळ्याच्या वाटेवर पोचल्यावर इकडं तिकडं बघून क्यारिअरवर बसली. अण्णांच्या शर्टाला तिनं दोन्ही हातांनी असं धरलं, की बटण तुटलं.

सायकल आधी नागमोडी गेली. चुन्याच्या एका दगडाला लागता लागता राहिली. मी माझ्या चालायच्या बाजूनं त्यांच्याबरोबर पळत होते आणि ओरडत होते, "हळू! अण्णा, हळू!" आई डोळे मिटून बसली होती. पहिल्या वळणानंतर सायकल सरळ झाली आणि आईनं डोळे उघडले. पाण्यावर ऊन आलं होतं. ती पाण्याकडं बघायला लागली.

मागून घंटी वाजली. आमचाच दूधवाला होता, भरलेले कॅन घेऊन. त्यानं दोघांना बघितलं, क्षणभर त्याला काय करावं ते कळेना, त्याचा एक पाय पायडलवरून सुटायला लागला. अण्णा मागं न बघताच ओरडले, "फुडं जा रं! वाट हाय की!" तो बाजूनं पुढं गेला. जाताना म्हणाला, "संबाळून काकू," आणि गेला.

बाभळींपाशी चढ लागतो, फारसा नाही, पण दोघांचं वजन म्हटल्यावर होतोच. अण्णांचा श्वास मला दगडांच्या अलीकडून ऐकू येत होता. मान लाल झाली होती, शर्ट पाठीला चिकटला होता. आईनं एक हात सोडून त्यांच्या पाठीवर ठेवला.

"दम लागलाय तुमास्नी," ती म्हणाली. "बास झालं. उतरा आता."

"न्हाय उतरत," अण्णा म्हणाले.